दोन मुसळांमधली जागा

उगवती, दुपार, कलती, मावळती.

पन्हाळ्याच्या वाटेवर, डोंगराच्या अंगावरून पायरीपायरीनं उतरत गेलेल्या 'सांजउन्ह' वसाहतीचे हे चार चौक. सगळ्यात वर उगवती. आपला चहा आपण करणारे, सकाळचं फिरून येणारे म्हातारे तिथं राहत. त्याखाली दुपार. तिथं गोळ्या हातावर ठेवायला आणि न्हाणीत हात धरायला माणूस असे. त्याखाली कलती, तिथं चाकाच्या खुर्च्या. आणि पार तळाशी, आंब्यांच्या गर्द सावलीत मावळती. तिथली माणसं आपलंच नाव शेजारच्याला विचारत. एका चौकातून दुसऱ्यात जायला गुळगुळीत फरशीचा लांब उतार होता आणि त्याच्या दोन्ही कडांना पितळी कठडा.

"आणि रात्र कुठं हाय?" आक्कानं विचारलं.

वसाहत दाखवणाऱ्या डॉक्टर केतकी सबनीस हसल्या.

"ती नावात घेत नसतील, आक्का," शालन म्हणाली. "पाहुणी हाय ती. न सांगता येती."

दोघी कठड्याला धरून इतक्या हसल्या, की मागून बॅगा घेऊन येणारा विश्वजित ओशाळला. "डॉक्टर, मनावर घेऊ नका. या दोघींचं असंच असतं."

आक्का म्हणजे वैजयंता चौगुले. शालन तिची धाकटी जाऊ. कोल्हापुरात दोघींचा चटणीचा डंक, म्हणजे मोटारीवर मिरची कुटायची गिरणी, होती. अर्ध्या शहराची वर्षाची कांदा-लसूण चटणी त्यांच्या हाताखालून जायची. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, पाठोपाठ गेले. विश्वजित शालनच्या पोटचा, पण वाढला दोघींच्या मांडीवर. शालनला तो आई म्हणायचा, आक्काला मोठीआई. आता त्याची नोकरी तमिळ किनाऱ्याला, भर समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर होती. चार-चार महिने जमिनीला पाय लागायचे नाहीत. आक्काचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि शालननं एकदा गॅसवर रिकामं पातेलं ठेवून शेजारी जाऊन गप्पा मारल्या होत्या. म्हणून हा शोध चालला होता. चार ठिकाणं बघून झाली होती. एका ठिकाणी भाजीला चव नव्हती, दुसऱ्या ठिकाणी माणसांना.

आक्काची अट एकच होती. दोघी एकत्र. एक खोली, दोन कॉट.

"ते होईल की," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त आधी पाहुणचाराचा महिना. त्या महिन्यात वेगळ्या खोल्या. चाहूलला तुमची ओळख करून घ्यायची असते ना."

"चाहूल कोण?"

डॉक्टरांनी बोट पायाखालच्या फरशीकडं केलं.

ते यंत्र दिसायचं नाही, हीच त्याची करामत होती. फरशीखाली केसाहून बारीक धागे विणले होते. पाऊल पडलं की दाबानं त्या धाग्यात विजेची एक हलकी लहर उठायची. टाच आधी की चवडा आधी, डावा किती वेळ टेकला, उजवा किती ओढला, सगळं त्या लहरीत उमटायचं. भिंतीत बारीक कान बसवले होते. ते शब्द ऐकत नसत. आवाज कुठं थांबला आणि किती वेळ थांबला, एवढंच त्यांना कळायचं. कारण माणूस पडतो त्या दिवशी पडत नाही. पडण्याच्या कितीतरी महिने आधी त्याचं पाऊल तिळभर बदललेलं असतं. आणि नावं विसरायच्या कितीतरी आधी दोन शब्दांमधली जागा ताणलेली असते. घरच्यांना ते जाणवत नाही. यंत्राला लाखो म्हाताऱ्यांची पावलं आणि बोलणी शिकवली होती, त्याला जाणवायचं. आज ताठ चालणारा माणूस वर्षा-दोन वर्षांनी कुठल्या चौकात असेल, ते चाहूल आजच सांगायची.

"माणूस पडला, मग त्याला खालच्या चौकात हलवायचं, ही जुनी पद्धत झाली," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही पडण्याआधीच हलवतो. माझी आजी न्हाणीघरात पडली तेव्हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. ते मी विसरलेले नाही, काकू. आणि तुमचं खाजगी बोलणं आम्ही ऐकत नाही. आम्ही फक्त मधली जागा मोजतो."

बाईचा आवाज खरा होता. आक्काला ती आवडली. आवडलेल्या माणसाशी भांडायला लागणं फार वाईट, पण ते पुढं आलं.

*

मधल्या जागेशी आक्काचा संबंध यंत्राच्या कितीतरी आधीचा.

शालन नवरी होऊन आली ती भर चटणीच्या दिवसांत. अंगणात दोन उखळं चालू, लाल धुरळा आढ्याला भिडलेला. उंबऱ्यावरच्या मापाला पाय लावायला नवरी वाकली आणि अशी शिंकली, की माप कलंडलं, तांदूळ पसरले आणि सासूच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा आक्कानं, जी स्वतः चारच वर्षांपूर्वी या घरात आली होती, मुसळ न थांबवता ओवी टाकली:

*लाल मिरची कांडते, लाल धुरळा दारात*
*जाऊबाई आली माझी, शिंक घेऊन घरात*

सगळं अंगण हसलं. सासूही हसली. आणि घुंगटाआड ती नवी पोरगी रडायची ती हसायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला, दुसरं मुसळ उचललं आणि आक्काच्या समोर उभी राहिली.

एका उखळात दोन मुसळं घालायची म्हणजे खेळ नव्हे. एक वर असतं तेव्हा दुसरं खाली. आपला घाव घालून झाला की मुसळ उचलायचं आणि वरच्या वर थांबायचं. ती थांबायची जागा आपली नसते, समोरचीची असते. तिथं घाई केली की लाकडावर लाकूड आदळतं आणि बोटं चेचतात. ओवीचंही तसंच. आक्का पहिली ओळ टाकायची आणि थांबायची, दुसरी शालनची. पुढं मोटारीचा डंक आला, हातातली मुसळं भिंतीला टेकली, पण ती रीत अंगात मुरली ती मुरलीच. आक्का म्हणायची, "अगं, ते डाळीचं..." आणि शालन म्हणायची, "भिजत घातलीय." आक्का म्हणायची, "विश्वाला कुणीतरी..." आणि शालन म्हणायची, "सांगितलंय." रस्त्यानं जाताना आक्का थोडं चालायची आणि एक पाय टेकवून उभी राहायची, मागून शालन येईपर्यंत. बघणाऱ्याला वाटायचं, या बाईला एकही वाक्य पुरं करता येत नाही. तिला करायचंच नसायचं.

पाहुणचाराच्या महिन्यात दोघींच्या खोल्या उगवतीच्या दोन टोकांना होत्या. एका खोलीत दोन पावलं मिसळली की चाहूल गोंधळते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवसा त्या भेटायच्या, पण भेटायच्या बाहेर, झाडांखाली, मातीवर. मातीला कान नव्हते.

आणि एकटी असताना आक्का आपल्या सवयीनं फरशीवर मध्येच पाय टेकवून उभी राहायची, स्वतःशीच म्हणायची, "चष्मा कुठं..." आणि थांबायची.

शालन मात्र एकटी असली तरी धबधब्यासारखी बोलायची. अलीकडं तिला नावं सापडत नव्हती. पण अडून राहायला ती कधी शिकलीच नव्हती. जोडीची जागा रिकामी ठेवायची नाही, हाती येईल ते टाकायचं. डॉक्टरांना ती बिनदिक्कत प्रभा म्हणायची, चाकाच्या खुर्चीला पाळणा, आणि जेवणाच्या हॉलला देऊळ. "पाळण्यातल्या त्या मामांना विचार की आक्का, देवळात आज काय हाय!" आणि आक्काला सगळं नीट कळायचं.

पाळण्यातले ते मामा म्हणजे माने ड्रायव्हर. उभा जन्म त्यांनी आंबा घाटात एसटी चालवली होती. कलतीतून खुर्ची ढकलून घेत ते उताराच्या पायथ्याशी यायचे आणि वर बघत बसायचे. जावा रोज उताराशेजारच्या मातीच्या वाटेनं उतरून त्यांच्याशी गप्पा मारायला जायच्या.

"तुमच्या पायाला काय झालं, मामा?" आक्कानं एकदा विचारलं.

"कशाला काय हुतंय? हा डावा क्लचचा पाय. जलमभर दाबलाय. चालताना जरा मागं ऱ्हातो, तवापासनं. यंत्र म्हणालं, पाय ओढतोय, हा गडी पडणार. बसवला खुर्चीत." मामांनी आपली पातळ झालेली मांडी थोपटली. "मी म्हणालो, बसतो बाबा, चार दिवस बसून खाऊ. वरीस झालं, वहिनी. आता उठायला गेलो तर खरंच पाय लटलटत्यात. यंत्राचं खरं झालं. त्याला शाबासकी मिळाली असंल."

"आणि वर कवा सोडतील?"

"वर?" मामा उताराकडं बघून हसले. "ह्या घाटात वन-वे हाय."

*

निकाल सांगायच्या दिवशी विश्वजित मुद्दाम किनाऱ्यावरून आला होता. आक्कानं येतानाच मनाची तयारी केली होती. शालनला दुपार मिळणार, कदाचित कलती. मग आपण डॉक्टरांना सांगायचं, मी पण तिथंच राहते. भांडावं लागलं तर भांडायचं. तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती.

"शालनकाकू, उगवती," डॉक्टर म्हणाल्या. "बोलण्यात खंड नाही, पाऊल एकसारखं. छान."

"मग!" शालन म्हणाली. "प्रभा हुशार हाय."

"आणि वैजयंताकाकू..." डॉक्टरांनी हातातला चाहूलचा काचेचा पडदा टेबलावर पालथा ठेवला. "तुम्ही कलती."

विश्वजित खुर्चीतून अर्धा उठला. "उलटं झालं असेल. नावांची अदलाबदल झाली असेल."

"पुन्हा पाहिलंय. दोनदा. वाक्यं अर्ध्यात सुटतात. जवळजवळ सगळी. चालताना मध्येच थांबतात, कारण नसताना. हा नमुना यंत्राच्या फार ओळखीचा आहे. आज काही वाटणार नाही. पण येत्या वर्षभरात..."

आक्कानं जुळवलेली वाक्यं शालनसाठीची होती. तिनं तोंड उघडलं, "अहो, पण मी..." आणि ती थांबली. खोलीत सगळ्यांनी ते थांबणं ऐकलं. भिंतीनंही ऐकलं असणार.

"ती थांबती ती माझ्यासाठी," शालन म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडं मायेनं बघून हसल्या, जसं कुणी नातलगाच्या प्रेमाकडं बघून हसतं.

*

त्या आठवड्यात आक्कानं आयुष्यात कधी केली नव्हती अशी एक गोष्ट केली. ती आपल्या पायांकडं बघत चालायला लागली.

टाच नीट पडली का? आत्ता थांबले का? बोलताना ती शब्द आधीच मनात रांगेला लावायची, म्हणजे मध्ये फट राहू नये. आणि रांगेला लावलेले शब्द ऐनवेळी इकडंतिकडं पळायचे. चहाचा कप तिच्या हातातून सुटला. उगवतीच्या सपाट अंगणात, जिथं अडखळायला खडाही नव्हता, तिथं ती अडखळली आणि कठड्याला धरून उभी राहिली. म्हणजे खरंच असेल. यंत्राला आधी कळलं, आपल्याला आता कळतंय.

विश्वजित तिला घेऊन मातीवरच्या झाडाखाली बसला. "मोठीआई, दुसरीकडं बघूया का? इथं नको."

"दुसरीकडं ही फरशी नसंल?"

आजकाल सगळीकडं तीच फरशी बसत होती, हे त्याला ठाऊक होतं.

"खरं सांगू विश्वा, मला खाली जायाची भीती न्हाई. गुडघे काय, डोकं काय, एक दिवस जाणारच. पण माझ्या पायाला काय झालंय ते मला कळायच्या आधी..." ती थांबली. मग स्वतःच्या थांबण्यावर चिडून तिनं डोळे मिटले.

"...फरशीनं का सांगायचं," शालननं वाक्य पुरं केलं. ती पलीकडं बसून चिंचोके निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि आक्का, तू आता पायाकडं बघून चालतीस म्हणून अडखळतीस. मुसळाकडं बघून कुणी कांडतं व्हय? बघितलं की चुकलंच."

आक्कानं डोळे उघडले.

तिनं शालनकडं पाहिलं. नावं हरवलेली ही बाई. डॉक्टरांना प्रभा म्हणणारी. आणि माझ्या वाक्याचं शेपूट अजून हिच्याच हातात. मग आक्काच्या अंगात जुन्या चटणीचा ठसका चढावा तसं काहीतरी चढलं.

"विश्वा, गाडी हाय न्हवं?"

"आहे. का? निघायचं?"

"निघायचं कुणी नाव काढलंय? घरला जा. उखळ घेऊन ये. दोन्ही मुसळं. मिरच्या सुक्या, देठ खुडलेल्या बघून आण. आणि घोंगडी आण, दोन."

"मोठीआई, उखळ? इथं?"

"मग काय पाळण्यात?" शालन म्हणाली.

*

उखळ उतरवलं ते कलतीच्या चौकात. वरच्या नाही, आक्कानं जागा आपण निवडली होती. उताराच्या पायथ्याला, जिथं माने मामांची खुर्ची रोज उभी असायची, बरोबर तिथं. खुर्च्यांची रांग हळूहळू जमली. कुणाच्या मांडीवर गोधडी, कुणाच्या नाकाला नळी. नळीवाल्या आजींना विश्वजितनं वाऱ्याच्या वरच्या बाजूला नेऊन बसवलं.

पहिल्या घावाला आक्काचे खांदे कुरकुरले. दुसऱ्याला तिनं ओठ चावला. मग समोरून शालनचं मुसळ आलं, धम्म, आणि शरीराला जुनं काहीतरी आठवलं. माझं वर, तिचं खाली. तिचं वर, माझं खाली. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. धम्म, धम्म. लाल वास चौकात उभा राहिला.

"कृपया बसून घ्या," भिंत मऊ आवाजात म्हणाली. "पडण्याचा धोका संभवतो."

आक्कानं दम घेत ओळ टाकली:

*तुझं मुसळ वर गं, माझं मुसळ खालती*

आणि शालननं घावासरशी पुढची दिली, तिथल्या तिथं जुळवून:

*दोघींमधल्या जागेत सारी दुनिया चालती*

"वा रे वा!" माने मामांनी खुर्चीच्या दांडीवर थाप मारली.

डॉक्टर सबनीस उतारावरून जवळजवळ धावतच आल्या. हातात पडदा होता. "काकू, थांबा! वर सगळ्या घंटा वाजतायत, मला वाटलं कुणी..." आणि त्या पडद्याकडं बघून स्वतःच थांबल्या.

पडद्यावर दोन ओळी धावत होत्या. एक आक्काची, एक शालनची. एरवी माणसागणिक वेगवेगळ्या कप्प्यांत पडणाऱ्या खुणा आज एकाच फरशीवर, एकाच वेळी उमटत होत्या. आक्काच्या ओळीत घाव, मग मोकळी जागा, घाव, मग मोकळी जागा. आणि प्रत्येक मोकळ्या जागेत, केसभरही इकडंतिकडं नाही, शालनचा घाव बसलेला. करवतीचे दात एकमेकांत घालावेत तसं. बोलण्याच्या ओळीही तशाच. जिथं एक तुटत होती, तिथंच दुसरी सुरू होत होती. दोन्ही मिळून कुठं फट नव्हती.

"हे... हे तुमचं नेहमीचं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"चाळीस वरसांच्या वर झाली," आक्का म्हणाली. मुसळ तिनं उखळातच टेकवलं होतं. चेहरा घामानं आणि मिरचीनं लाल झाला होता. "आता तुमचं यंत्र काय म्हणतंय?"

डॉक्टरांनी खोटं बोलायचं टाळलं. "तेच म्हणेल. त्याला एकेकट्या माणसाचं मोजायला शिकवलंय. जोडीचं मोजमाप त्याला येत नाही. आणि काकू, यंत्र बरोबरही असू शकतं. ही सवय असेल आणि शिवाय दुसरं काही असेल."

"असंल की. मी कुठं न्हाई म्हणती? पण एक सांगा. मला तुम्ही कलतीत बसवलं आणि वरसानं माझे पाय गेले, तर यंत्र बरोबर?"

"हो."

"आणि न्हाई गेले, तर?"

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "तर आम्ही वेळेवर काळजी घेतली म्हणून."

"म्हणजे चुकतं कवा ते?"

मामांनी आपल्या लटलटत्या पायांकडं पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं.

मग त्या म्हणाल्या, "मी वर कळवते. हे सगळं चित्र पाठवते. तुम्हाला उगवती मिळावी म्हणून भांडते, शब्द देते."

"नको."

"नको?"

"मला वर न्हेऊन काय करताय? हे बसलेत त्यांचं काय? ह्या माणसाच्या डाव्या पायात क्लच हाय म्हणून ह्याला खुर्चीत घातला. ह्यातल्या कुणाच्या थांबण्यात कोण हुतं, कुणी विचारलंय? त्या बाई सारख्या दाराकडं बघत थांबत्यात, तिथनं कोण यायचं त्यांच्या घरी?" आक्काचा आवाज चढला, आणि तिनं एकही शब्द रांगेला लावला नव्हता. "आम्ही जागा निवडायला आलो हुतो, डॉक्टरबाई. तुम्ही आमचीच निवड करायला लागला. आता मी निवडली. मी हितं ऱ्हाणार, कलतीत. शालन माझ्याबरोबर. एक खोली, दोन कॉट. खोलीत ही घोंगडी अंथरणार."

"घोंगडीनं धागे बहिरे होतात, काकू."

"म्हणूनच दोन आणल्यात."

"आणि पडलात तर?"

"तर शालन बोंबलंल. तिचा आवाज ऐकलाय न्हवं? ह्या भिंतीपेक्षा लांब जातोय. आणि उखळ हितंच ऱ्हाणार. ज्याला कांडायचं त्यानं कांडावं. वरच्यांनी खाली यावं, खालच्यांनी वर जावं. उतार हाय तो, कुणी म्हणून चढायचा न्हाई व्हय?"

"उगवतीच्या माणसाला कलतीत राहता येत नाही. तसा नियम आहे," डॉक्टर म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नियमासारखा नव्हता. त्या खाली वाकल्या, उखळाच्या काठावरची एक मिरची उचलून बोटांत फिरवत राहिल्या. "पाहुण्यांना मात्र कुठंही राहता येतं. आणि पाहुणचाराचा महिना वाढवता येतो. किती वेळा, ते कुणी कधी ठरवलेलं नाही."

"मग आम्ही पाहुण्या," शालन म्हणाली. "लई दिवसांच्या."

विश्वजित पुढं झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरचीचं, असं तो नंतर म्हणाला. "मोठीआई, आई, नक्की ना? मी परवा समुद्रावर जाणार. पुन्हा लगेच येता येणार नाही."

"जा की. आणि फोनवर विचारत बसू नकोस, पाय कसा हाय, डोकं कसं हाय. चटणी कशी झाली ते विचार," आक्का म्हणाली. "चल गं. मिरच्या वाट बघायला लागल्या."

मुसळं पुन्हा उचलली. धम्म, धम्म. आता खुर्च्या जवळ सरकल्या होत्या. आक्कानं छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्यात जुनी ओळ टाकली:

*लाल मिरची कांडते, लाल धुरळा दारात*

आणि मुसळ वर धरून ती थांबली.

शालनचं मुसळ वेळेवर खाली आलं. तोंड उघडं राहिलं. शब्द आला नाही. चुकीचाही आला नाही. हाती येईल ते टाकणारी शालन, तिच्या हाताला काहीच लागत नव्हतं. ती आक्काकडं बघत होती, उंबऱ्यावर माप कलंडल्यावर बघितलं होतं तशी.

आक्काला हे ठाऊक होतं. चाहूलला लागलं नव्हतं ते तिला वर्षापूर्वीच लागलं होतं, रिकाम्या पातेल्याच्याही आधी. पुढची ओळ तिच्या जिभेवर तयार होती. तिनं ती गिळली. ती जागा तिची नव्हती. खांदे भरून आले तरी तिनं मुसळ खाली आणलं नाही, ओवी पुरी केली नाही. भिंतीत कुठंतरी ती जागा मोजली जात असेल, ताणत, ताणत चाललेली. मोज म्हणावं. पाहिजे तेवढी मोज.

आणि माने मामा शिंकले.

साधंसुधं नाही. आंबा घाटात एसटीचं टायर फुटावं तसे. खुर्ची हातभर मागं गेली. त्यांच्यामागं नळीवाल्या आजी, मग दाराकडं बघणाऱ्या बाई, मग पडदा तोंडावर धरून खुद्द डॉक्टर सबनीस. शिंकांची ओळच्या ओळ खुर्च्यांवरून धावत गेली.

शालनचा चेहरा उजळला. ती हसली, घुंगटाआडची ती पोरगी हसली होती तशी, आणि मुसळ धम्मकन घालून मोठ्यानं म्हणाली:

*जाऊबाई आली माझी, शिंक घेऊन घरात!*

चौकभर हसू सांडलं. त्या गडबडीत माने मामांनी उखळाच्या काठाला एक हात घातला, मग दुसरा, आणि लटलटत, क्लचचा पाय मागं ओढत, उभे राहिले. विश्वजित धावला, पण आक्कानं नजरेनंच त्याला थांबवलं.

"कृपया बसून घ्या," भिंत म्हणाली.

"तूच बस जरा," मामा म्हणाले.

शालननं आपलं मुसळ त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्या पाठीला आपला खांदा लावून उभी राहिली. आक्काचं मुसळ वर गेलं आणि थांबलं. तिनं पायाकडं पाहिलं नाही, फरशीकडं पाहिलं नाही. खुर्च्यांच्या रांगेवरून तिची नजर फिरली.

"ह्यांच्या मागनं," तिनं विचारलं, "कोण?"

रांगेतून दोन हात वर झाले.